बाळ रडलं नाही, त्यानंतरचे सहा तास : नवजात मेंदूच्या ऊर्जेचं संशोधन

चारुलता

"जन्मल्यावर बाळ रडलंच नाही, निळं पडलेलं, मग पेटीत ठेवलं" हे आपण सगळ्यांनीच घरात नाहीतर शेजारीपाजारी कधीतरी ऐकलेलं असतं, आणि त्यापुढे बहुतेक वेळा हेही ऐकलेलं असतं की मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, जे व्हायचं ते तिथेच होऊन गेलं. मी डॉक्टर नाही, कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. धागा काढायचं कारण एवढंच की हे 'तिथेच होऊन गेलं' पुष्कळ बाळांच्या बाबतीत खरं नाहीये. लंडनच्या एका डॉक्टरने आणि त्याच्या टीमने हे चाळीस वर्षांपूर्वी मोजून दाखवलं, आणि गुदमरलेल्या बाळांना आज जी एक ट्रीटमेंट, म्हणजे बाळाचं अंग थंड ठेवणं, बऱ्याच देशांत दिली जाते ती त्या मोजणीतूनच पुढे आली. मराठीत यावर धड काही वाचायला मिळत नाही म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

त्या डॉक्टरचं नाव ऑस्मंड रेनॉल्ड्स (१९३३ ते २०१७), लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल. सुरुवातीला त्यांचं काम होतं अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसांवर, व्हेंटिलेटर कसा लावला तर बाळाला इजा कमी होते वगैरे. मग लक्षात आलं की बाळं जगतायत पण मेंदूचं काय होतंय ते कोणालाच दिसत नाहीये, कारण जिवंत बाळाच्या डोक्यात बघायची सोयच नव्हती. मला त्यांचं सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी फिजिक्सवाल्यांना थेट बाळांच्या वॉर्डात आणलं. अर्नेस्ट केडी, डेव्हिड डेल्पी ही सगळी भौतिकशास्त्राची माणसं. आणि १९८३ साली या लोकांनी नवजात बाळाच्या मेंदूतली ऊर्जा, डोक्याला सुई न टोचता, चुंबकाच्या मदतीने मोजली आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली.

मोजलं काय? फॉस्फरस. पेशी सगळी कामं एटीपी नावाच्या ऊर्जेच्या रेणूवर करते आणि एटीपी कमी पडायला लागलं की फॉस्फोक्रिएटिन नावाच्या साठ्यातून ते लगेच भरून काढते. एटीपी म्हणजे खिशातले सुटे पैसे धरा आणि फॉस्फोक्रिएटिन म्हणजे डब्यात ठेवलेले. डबा रिकामा होत जातो तसा साधा फॉस्फेट वाढत जातो. तिन्हींमध्ये फॉस्फरस आहे आणि चुंबकात तिन्हींचे सिग्नल वेगवेगळ्या जागी येतात. म्हणजे फॉस्फोक्रिएटिन भागिले फॉस्फेट एवढं एक गुणोत्तर काढलं की मेंदूची ऊर्जेची परिस्थिती काय आहे ते कळतं.

आता खरी गोष्ट. जन्मताना गुदमरलेली बाळं पहिल्या दिवशी चुंबकात ठेवली तर बऱ्याच जणांचं हे गुणोत्तर चक्क नॉर्मल! ऑक्सिजन मिळालेला, रक्ताभिसरण परत आलेलं, डबा पुन्हा भरलेला. आणि मग दुसऱ्या दिवसापासून, ऑक्सिजन व्यवस्थित चालू असताना, ब्लडप्रेशर ठीक असताना, ते हळूहळू घसरायला लागतं. दोन ते चार दिवसांत तळाला जातं. जितकं खाली गेलं तितकं बाळाचं पुढचं कठीण, आणि ज्यांचं एटीपीसुद्धा घसरलं त्यातली बहुतेक गेली. १९८४ च्या पेपरमध्ये हे आहे. याला पुढे सेकंडरी एनर्जी फेल्युअर हे नाव पडलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो पेपर तसाच हातात धरून बसले होते. कारण याचा अर्थ असा की घाव पडण्याचे दोन टप्पे आहेत आणि मध्ये काही तास असे आहेत जेव्हा मेंदू ऊर्जेच्या दृष्टीने सावरलेला असतो. त्या तासांत काही करता आलं तर?

मध्ये घडतं काय ते थोडक्यात. ऑक्सिजन तुटला की माइटोकॉन्ड्रियाचं (पेशीतलं एटीपी बनवणारं केंद्र) काम थांबतं, एटीपी पडतं, पेशीच्या आतबाहेरचे क्षार सांभाळणारे सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडतात, चेतापेशी ग्लुटामेट (एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं रसायन) बाहेर ओतत राहतात, त्याने शेजारच्या पेशींची दारं उघडून कॅल्शियम भसाभस आत शिरतं. ऑक्सिजन परत आला की एटीपी सावरतं, पण आत शिरलेल्या कॅल्शियमने, नायट्रिक ऑक्साइडने आणि फ्री रॅडिकल्सनी माइटोकॉन्ड्रियाला आतून धक्का बसलेला असतो. तो काही तासांनी उघडा पडतो. गंमत बघा, दुसऱ्या टप्प्यात ऑक्सिजन आहे, ग्लुकोज आहे, पण माइटोकॉन्ड्रिया ते वापरू शकत नाही, म्हणून लॅक्टेट (ऑक्सिजन न वापरता ग्लुकोज मोडलं की उरतं ते) साठत जातं. काही बाळांच्या मेंदूत हे लॅक्टेट कित्येक आठवडे वर राहिलेलं मोजलंय.

बाळांमध्ये मूळ धक्का नेमका कधी बसला हे कोणी मोजलेलं नसतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा होती. म्हणून याच गटाने डुकराच्या नवजात पिल्लांवर प्रयोग केला. मानेच्या धमन्या काही वेळ बंद, ऑक्सिजन कमी, मग सगळं पूर्ववत, आणि पिल्लू चुंबकातच. १९९४ मध्ये तोच आलेख मिळाला: पडलं, सावरलं, पुन्हा पडलं. १९९५ मध्ये मारियान थोरेसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की धक्क्यानंतर पिल्लाचं अंग काही अंश थंड ठेवलं तर दुसरी घसरण बरीच कमी होते.

थंड करायची कल्पना नवी नव्हती. १९५० च्या दशकात वेस्टिन आणि मिलर यांनी न रडणारी बाळं थंड पाण्यात ठेवून पाहिली होती. पण १९५८ मध्ये विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांची बाळं गार पडली की जास्त मरतात. ते अगदी बरोबर होतं. त्या धास्तीने हा विषय अनेक वर्षं मागे पडला.

तो पुढे गेला न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडचे अ‍ॅलिस्टर गन आणि पीटर ग्लकमन यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकराच्या डोक्याभोवती नळीचं वेटोळं बसवलं आणि त्यातून थंड पाणी फिरवलं. मेंदूचा रक्तपुरवठा ३० मिनिटं थांबवायचा आणि मग थंडावा सुरू करायचा वेळ बदलत जायचा. दीड तासाने सुरू केलं तर मोठा फायदा, साडेपाच तासांनी सुरू केलं तर कमी पण फायदा, साडेआठ तासांनी, म्हणजे झटके सुरू झाल्यावर, काहीच नाही. आज जगभरच्या प्रोटोकॉलमध्ये 'जन्मापासून ६ तासांच्या आत' लिहिलेलं असतं ना, ते इथून आलं.

त्यानंतर माणसांच्या बाळांवर मोठ्या चाचण्या झाल्या. २००५ मध्ये ग्लकमन वगैरेंची कूलकॅप, त्यात फक्त डोकं थंड करायचे. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या सीता शंकरन यांची, त्यात पूर्ण अंग ३३.५ अंशावर ७२ तास. मग २००९ मध्ये ब्रिटनची टोबी. २०१३ मध्ये कोक्रेन या चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेने ११ चाचण्यांतली १५०५ बाळं एकत्र धरली तेव्हा निघालं की साधारण ७ बाळांना थंड ठेवलं की त्यातलं एक मृत्यू किंवा मोठ्या अपंगत्वातून वाचतं. लहान आकडा वाटेल, पण नवजात विभागात इतका स्पष्ट फायदा क्वचित दिसतो. टोबीतली मुलं सहा-सात वर्षांची झाल्यावर परत तपासली, तेव्हा ८५ किंवा जास्त बुद्ध्यांक घेऊन जगलेली ५२ टक्के, थंड न केलेल्या गटात ३९ टक्के.

भारतात काय झालं हा वेगळा आणि जास्त महत्त्वाचा भाग आहे, तो प्रतिसादात लिहिते, नाहीतर कोणी वाचणार नाही इतकं.

मनमाड_एक्सप्रेस

वाचनखूण साठवली. एक शंका, थंड केल्याने नेमकं काय होतं? मेंदू कमी ऊर्जा खातो एवढंच का? आणि मुक्या जनावरांवरचे हे प्रयोग वाचताना पोटात कालवलं हेही सांगतो.

चारुलता

@मनमाड_एक्सप्रेस, कालवणारच. त्या कोकरांना आणि पिल्लांना भूल दिलेली असते किंवा वेदनेची काळजी घेतात, त्याचे नियम कडक आहेत, पण जीव गेलेच ना. मला एवढं वाटतं की त्यांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान आपण वापरलं नाही तर ते जास्त वाईट.

तुमच्या शंकेबद्दल, एका अंशाला मेंदूचा ऊर्जेचा खप साधारण ५ ते ७ टक्के कमी होतो. पण तीन-साडेतीन अंशाने एवढा परिणाम होण्याचं फक्त तेवढंच कारण नाही, ग्लुटामेट कमी सुटतं, फ्री रॅडिकल्स कमी होतात, पेशी आपणहून मरायचा कार्यक्रम सुरू करते तो अडवला जातो, सूज आणि दाह कमी होतो. एकाच वेळी दहा ठिकाणी ब्रेक लागतो. म्हणून तर एकच जागा धरून केलेली औषधं तितकी चालली नाहीत. झेनॉन वायूची चाचणी २०१६ मध्ये, फायदा दिसला नाही. एरिथ्रोपोएटिन हे रक्तपेशी वाढवणारं औषध, २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ५०० बाळांवर, थंडाव्यावर जास्तीचा फायदा शून्य.

कौशिक०७

मस्त लेख, इंजिनिअर म्हणून दोन प्रश्न. एक, चुंबकात फॉस्फोक्रिएटिन आणि फॉस्फेट वेगळे कसे ओळखतात, दोघांत फॉस्फरसच आहे ना. दोन, आपल्याकडे गल्लोगल्ली एमआरआय झालेत मग हे का नाही करत?

चारुलता

@कौशिक०७, फॉस्फरसच्या अणूभोवती कोणते इलेक्ट्रॉन आहेत त्यावर त्याला जाणवणारं चुंबकीय क्षेत्र अगदी किंचित बदलतं, त्यामुळे प्रत्येक संयुगाचं शिखर आलेखावर थोडं सरकलेलं येतं. एटीपीची तीन शिखरं, फॉस्फोक्रिएटिनचं एक उंच, फॉस्फेटचं एक. आणि भारी गोष्ट म्हणजे फॉस्फेटचं शिखर पेशीच्या आम्लतेनुसार सरकतं, म्हणजे त्याच आलेखावरून पेशीच्या आतला पीएचही मिळतो. तिथे एक उलट गोष्ट सापडली. सगळ्यांना वाटत होतं की मार बसलेला मेंदू आम्लधर्मी असेल, पण दुसऱ्या घसरणीत पीएच नॉर्मल किंवा उलट अल्कलाइन निघाला.

दुसरा प्रश्न. फॉस्फरससाठी वेगळी कॉइल आणि वेगळी यंत्रणा लागते, ती साध्या मशिनवर नसते. पण हायड्रोजनवर चालणारी स्पेक्ट्रोस्कोपी साध्या एमआरआयवर होते. त्यात थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातलं लॅक्टेट आलेखावर १.३३ पीपीएमच्या आसपास आणि चेतापेशींतलं एनएए नावाचं रसायन २.०२ च्या आसपास दिसतं. लॅक्टेट वर आणि एनएए खाली असेल तर काळजी. चांगल्या सेंटरला हे करतात, विचारावं लागतं. शिवाय लंडनच्याच लोकांनी आता प्रकाशाने, बाळाच्या कपाळावर सेन्सर लावून, माइटोकॉन्ड्रियातलं ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम, सायटोक्रोम ऑक्सिडेज, किती काम करतंय ते बेडवरच मोजायला सुरुवात केलीय. डेल्पींनी प्रकाशाची जी वाट घातली तिचंच हे पुढचं पाऊल.

तिकडचा

ऑकलंडहून +१. ग्लकमन पुढे न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचे पहिले मुख्य विज्ञान सल्लागार झाले, इथे सगळ्यांना माहीत असलेलं नाव आहे. पण मेंढ्यांवरचं हे काम मला आज कळलं. भारताचा भाग लवकर टाका.

चारुलता

हो, लिहिते.

श्रीमंत देशांत हे सगळं सिद्ध झाल्यावर साहजिकच वाटलं की आपल्याकडेही सुरू करावं, कारण गुदमरलेली बाळं आपल्याकडेच जास्त. महागडी मशीन नकोत म्हणून वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) हॉस्पिटलने ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या गाद्या वापरून बघितल्या, मिराक्रेडल हे बाळ थंड करायचं उपकरण तिथूनच पुढे आलं. नॉर्वेच्या लोकांबरोबर त्यांनी ५० बाळांची चाचणी केली, २०२० मध्ये छापली, एमआरआयवर इजा कमी दिसली. अनेक ठिकाणी कूलिंग सुरू झालं.

मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांनी हेलिक्स नावाची मोठी चाचणी केली. भारत, श्रीलंका, बांगलादेश मिळून सात हॉस्पिटलं, ४०८ बाळं. आपल्या मुंबईचं सायन हॉस्पिटल त्यात होतं, चेन्नई आणि बंगळुरूची होती. साधंसुधं काही नाही, चांगलं कूलिंग मशीन, व्हेंटिलेटर, एमआरआय सगळं. २०२१ मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा अपंगत्व थंड केलेल्यांत ५० टक्के, न केलेल्यांत ४७, म्हणजे फरक नाही. आणि नुसते मृत्यू बघितले तर थंड केलेल्यांत ४२ टक्के, न केलेल्यांत ३१. म्हणजे जास्त!

ज्या ट्रीटमेंटने ब्रिस्टलला आणि डेट्रॉइटला बाळं वाचली तिने आपल्याकडे उलट झालं. नवजात तज्ज्ञांत यावर अजून वाद चालू आहे, काही ठिकाणी कूलिंग थांबवलं, काही ठिकाणी निवडक बाळांना करतात.

का झालं असं? उत्तर परत त्या आलेखातच आहे असं मला वाटतं. तो सावरण्याचा काळ मोजायला सुरुवात कुठून करायची? प्रयोगशाळेत मिनिट माहीत असतं. लंडनला आईच्या पोटावर मॉनिटर असतो, ठोके पडले की धावपळ करून काही मिनिटांत सिझेरियन होतं, म्हणजे धक्का आणि जन्म जवळजवळ. आपल्याकडे तो धक्का जन्माच्या कित्येक तास आधीपासून थोडाथोडा बसत असेल तर बाळ जन्मेपर्यंत ते सहा तास पोटातच संपलेले असतात. हेलिक्सच्या एमआरआयमध्येही खोल गाभ्यापेक्षा पांढऱ्या भागाची इजा जास्त दिसली. थय्यिल यांच्याच गटाने नंतर बाळांच्या रक्तातल्या जीन्सचा अभ्यास २०२४ मध्ये छापला. त्यात आपल्याकडच्या बाळांचा नमुना एकदम ऑक्सिजन तुटल्यासारखा नाही, तर अधूनमधून कमी पडत राहिल्यासारखा निघाला, झोपेत श्वास अडकणाऱ्या मोठ्या माणसांत दिसतो त्याच्याशी जुळणारा.

म्हणून माझं म्हणणं, आपल्या बाळांसाठी ऊर्जेचा हा सगळा अभ्यास जन्मानंतर नाही, कळा सुरू झाल्यापासून लागू करायला हवा.

मनमाड_एक्सप्रेस

म्हणजे तिकडचं औषध इकडे चालत नाही असंच ना शेवटी?

चारुलता

नाही, असं नाही. तिकडचं औषध ज्या दुखण्यावर तपासलं ते दुखणं आणि आपल्याकडचं दुखणं बाहेरून सारखं दिसतं, आतून कदाचित वेगळं आहे. हे कळलं कशामुळे, आपल्याच हॉस्पिटलांत चाचणी केली म्हणून. ज्या आईबापांनी इतक्या वाईट घडीला सही करून बाळ त्या चाचणीत दिलं त्यांचे उपकार आहेत. चाचणी झाली नसती तर आपण डोळे झाकून थंड करत राहिलो असतो.

सिस्टर_सोलापूर

नमस्कार, मी लेबर रूममध्ये बरीच वर्षं काम केलंय, आता एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या विभागात) आहे. चारुलता ताई तुम्ही कळांपासून म्हणालात ते वाचून लिहावंसं वाटलं.

पोटातल्या बाळाचे ठोके सुरुवातीच्या काळात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाई जोर लावायला लागली की दर ५ मिनिटांनी ऐकायचे असतात. आता एका सिस्टरकडे चार-पाच बायका एकदम, त्यात एक रेफर होऊन आलेली, तिला बाहेर कळा वाढवायचं इंजेक्शन कुठे किती दिलं त्याचा कागद नाही. कळा एकामागून एक येतात, मध्ये गर्भाशय सैल पडायलाच वेळ नाही, आणि सैल पडतं तेव्हाच तर बाळाला रक्त मिळतं. अशा वेळी बाळ प्रत्येक कळेला थोडं थोडं गुदमरतं. तुम्ही जे अधूनमधून कमी पडणं म्हणताय ते मी डोळ्याने बघितलंय. नातेवाईक बाहेरून ओरडतात, सिस्टर इंजेक्शन द्या लवकर मोकळी करा. त्यांना काय माहीत.

आणि बाळ रडलं नाही तर पहिलं एक मिनिट. पुसायचं, मान नीट करायची, तरी श्वास नाही तर मिनिटाच्या आत बॅग-मास्कने हवा द्यायची. पायाला टपल्या, उलटं धरणं, पाणी मारणं, यात ते मिनिट जायचं पूर्वी. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात सगळ्यांना हे शिकवतात, मी स्वतः शिकवलंय. मास्क नीट बसला आणि छाती वर आली की ठोके कसे चढतात ते बघितल्यावर मुली विसरत नाहीत.

अंजन

सिस्टर, तुमच्या प्रतिसादाला नमस्कार. लेखाइतकाच तो महत्त्वाचा आहे.

आजीबाई

माझ्या नातवाला गुदमरलं वगैरे काही नव्हतं, पण जन्मतः वजन कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी साखर कमी झाली म्हणून झटके आले. मग तो पण मेंदूच्या ऊर्जेचाच प्रश्न का? आमच्याकडे आधी मध चाटवायची पद्धत होती, सुनेने ऐकलं नाही ते बरं केलं म्हणायचं का?

चारुलता

आजी, सूनबाईंनी अगदी योग्य केलं. मधातून बोट्युलिझमच्या जंतूंचा धोका असतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध नकोच, आणि चाटवण्याच्या नादात पहिलं दूध लांबतं ते वेगळंच.

आणि हो, तोच प्रश्न आहे. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा खातो, नवजात बाळाचा निम्म्याच्या आसपास. जन्मेपर्यंत नाळेतून ग्लुकोज सारखं येत असतं, नाळ कापली की ते एका क्षणात बंद. मग पहिले काही तास लिव्हरमधला साठा, आणि चरबी जाळून केलेले कीटोन. बाळाचा मेंदू कीटोन आणि लॅक्टेट मोठ्यांपेक्षा फार चांगलं वापरतो, म्हणून पूर्ण दिवसांचं धडधाकट बाळ थोडी साखर उतरली तरी निभावून नेतं. पण कमी वजनाच्या बाळाकडे चरबीच नाही, म्हणजे कीटोन नाहीत. मधुमेही आईच्या बाळात इन्सुलिन जास्त, ते कीटोन बनूच देत नाही. या दोघांकडे साखर उतरल्यावर दुसरा आधार नसतो. तशा इजेत मेंदूचा मागचा भाग जास्त सापडतो, जिथे दिसण्याचं काम चालतं. नातवाचे डोळे आणि नजर एकदा नीट तपासून घेतली आहे ना? पहिल्या तासात चिकाचं दूध आणि अशा बाळांची टाचेतून साखर तपासणी, एवढ्याने खूप वाचतं.

आजीबाई

डोळे दाखवले नाहीत. या आठवड्यात नेते. देव तुमचं भलं करो.

बालरोगवाला

लेख आवडला, माहिती व्यवस्थित आहे. नवजात विभागात काम करतो म्हणून दोन गोष्टी घालतो, कारण धागा वाचून कोणी घरी काही करायला नको.

एक, बाळ थंड करणं हे आयसीयूतलं काम आहे, गुदाशयात तापमानाचा प्रोब घालून, सतत. घरी, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, आपल्या मनाने कधीही नाही. साध्या बाळाला गारठा हा आजही जीवघेणा आहे, त्याला आईच्या छातीशीच ठेवायचं. दुसरं, गुदमरलेल्या बाळाला ताप चढू देणं तितकंच वाईट. शंकरन यांच्या चाचणीत थंड न केलेल्या गटातल्या ज्या बाळांचं तापमान चढलं होतं त्यांच्यात प्रत्येक अंशामागे वाईट परिणामाची शक्यता तीन-चार पटीने जास्त निघाली. म्हणजे हेलिक्सनंतर कूलिंगबद्दल मतं काहीही असोत, वॉर्मर फुल लावून बाळ तापवायचं नाही यावर सगळे एकमत आहेत. हे करायला पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

निळी_शाई

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको चाललं होतं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. जन्मल्यावर रडला नव्हता. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. कार्डावर 'बर्थ अस्फिक्सिया' (जन्मताना गुदमरणं) एवढे दोन शब्द होते, किती वेळ लागला, काय केलं, कोणी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं कळलं नाही. घरात मात्र सगळ्यांना कारण माहीत होतं. मी ग्रहणात भाजी चिरली, मी सातव्या महिन्यात प्रवास केला, मी शेवटी जोर कमी लावला. नऊ वर्षं हे ऐकतेय. आज पहिल्यांदा कोणीतरी पंप, कॅल्शियम असं काही सांगितलं ज्यात मी नाहीये.

या सगळ्याचा आता, इतक्या उशिरा, काही उपयोग आहे का त्याला?

चारुलता

ताई, तुमचा यात काहीही दोष नव्हता. ग्रहणाने चेतापेशीतला पंप बंद पडत नाही, आणि कोणी आई जोर कमी लावत नसते. अमेरिकेत कॅरिन नेल्सन यांनी १९८० च्या दशकात हजारो बाळंतपणांच्या नोंदी तपासून दाखवलं की सेरेब्रल पाल्सी असलेल्या बहुतेक मुलांत जन्मावेळचं गुदमरणं हे कारण नसतंच, तिथेही तोपर्यंत सरसकट तेच धरलं जायचं. तेव्हा तुमच्या मुलाच्या बाबतीतसुद्धा खरं कारण ते दोन शब्द लिहून ठरत नाही. पुढच्या उपयोगाबद्दल डॉक्टर सांगतील तर बरं.

बालरोगवाला

@निळी_शाई ताई, पहिल्या दिवसांतल्या ऊर्जेवरचा उपचार आता लागू होत नाही, हे स्पष्ट सांगतो, कोणी स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागितले तर देऊ नका. पण करण्यासारखं बरंच आहे. त्याचा लहानपणी एमआरआय झाला होता का? असेल तर रिपोर्टमधले शब्द इथे लिहा, नाव-गाव काढून.

निळी_शाई

फाईल काढली. लिहिलंय, दोन्ही बाजूच्या बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसमध्ये बदल, बाकी कॉर्टेक्स बऱ्यापैकी ठीक. त्याचे हात-पाय मनाविरुद्ध हलतात, बोलता येत नाही, गिळायला त्रास. पण त्याला सगळं कळतं असं मला कायम वाटतं. शाळेने घेतलं नाही, म्हणाले आकलन नाही.

बालरोगवाला

तुम्हाला वाटतं ते बरोबर असण्याची खूप शक्यता आहे. मेंदूच्या खोल गाभ्यातल्या या जागा जन्माच्या वेळी सगळ्यात जास्त ऊर्जा खातात, म्हणून अचानक आणि पूर्ण ऑक्सिजन तुटला की आधी त्याच सापडतात. लेखातला पहिला, लंडनवाला प्रकार. त्यात हालचालींवरचा ताबा जातो, जीभ आणि ओठांवरचाही, पण कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, वाचलेला असेल तर आकलन बऱ्याचदा बोलण्याच्या मानाने पुष्कळ चांगलं असतं. न बोलणाऱ्या मुलाची साधी तोंडी परीक्षा घेऊन आकलन नाही म्हणणं चूक आहे. नजरेने किंवा बोटाने चित्र दाखवून उत्तर देता येईल अशी चाचणी घेणारे स्पीच थेरपिस्ट गाठा, चित्रांचा तक्ता किंवा नजरेने चालणारं टॅबलेट त्याला जमू शकेल. सोबत ऐकणं तपासा, नितंबाच्या सांध्याचा एक्स-रे काढलेला नसेल तर काढा, या मुलांत तो न दुखता सरकतो. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून थेरपी देणारं केंद्र) असतं, १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि थेरपी मोफत आहे, आधी तिथे जा. जिल्हा कोणता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कोणाला भेटायचं ते बघून सांगतो.

निळी_शाई

व्यनि केलाय.

सिस्टर_सोलापूर

ताई, डीईआयसीला जाताना डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स आणि एमआरआयची सीडी दोन्ही न्या, नुसता रिपोर्ट नको, तिथले डॉक्टर फिल्म मागतात. आणि चित्रांचा तक्ता मिळेपर्यंत आमच्याकडच्या थेरपिस्ट ताई एक करायला सांगतात, त्याच्या ताटातल्या दोन गोष्टी समोर धरायच्या आणि तो कशाकडे बघतो ते बघून तीच आधी द्यायची. आज रात्रीपासून करता येईल.